वेवजीच्या नविनचा कान

नरपडच्या किनाऱ्यावर एखाद्या होडीचं इंजिन अडलं की दोन फोन व्हायचे. एक डहाणू रोडच्या दुकानात, पार्ट आहे का विचारायला, आणि एक वेवजीच्या नविन करबटला. जाणती माणसं नविनला आधी फोन करायची. तो यायचा, इंजिन चालू करायला लावायचा, ऐकायचा, आणि पुष्कळदा म्हणायचा, "पार्ट नको. उघडू पण नका. हा एवढा नट आवळा."

ऐकायची त्याची रीत ठरलेली होती. हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर तो कायम जवळ बाळगायचा. त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठला नॉझल नीट फवारत नाही, कुठल्या बेअरिंगमधलं ग्रीस सुकलंय, ते त्याला तिथल्या तिथे कळायचं. एकदा नारू तांडेलच्या ओट्यावर तो चहा पीत बसला होता. समुद्रातून एक होडी येत होती, अजून कुणाची ते ओळखूही येत नव्हतं. नविन म्हणाला, "तिचा दुसरा सिलेंडर मारत नाय." होडी किनाऱ्याला लागल्यावर पाहिलं तर तसंच निघालं. त्या दिवसापासून नारूने आपल्या होडीला दुसऱ्या मेकॅनिकचा हात लागू दिला नाही.

हा कान जायला पाच वर्षं लागली, आणि त्या पाच वर्षांत तो एकदाही दुखला नाही.

नविनचं घर वेवजीच्या पाड्यात, गुजरातच्या हद्दीला लागून. कामं मात्र नरपड, डहाणू, झाई अशी किनाऱ्याला, आणि मधल्या काळात चिकूच्या वाड्यांमधले पाण्याचे पंप. नॉझल तपासून घ्यायला नाहीतर जड सामान आणायला वापी गाठावी लागे, म्हणजे हायवे आलाच. दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर मोटारसायकलवर सहज व्हायचे. हेल्मेट होतं, पण त्याची काच कधीच तुटली होती आणि आतला स्पंज बसून गेला होता. हायवेला गाडी ऐंशीवर गेली की हेल्मेटच्या आत वारा असा घुमायचा की स्वतःच्या इंजिनाचाही आवाज येईनासा व्हायचा. नविनला त्याचं काही वाटायचं नाही. सवय झाली होती.

त्याची आई सोमी धवलेरी होती. धवलेरी म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. आजूबाजूच्या पाड्यांत तिच्याशिवाय लग्न लागत नसे. तिचा आवाज बारीक, उंच, सुतासारखा एकसलग. ती जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका नात्यातल्या लग्नात नविनने मोबाईल तिच्या पायाशी ठेवून सगळं रेकॉर्ड करून घेतलं होतं. एक तास चाळीस मिनिटं. मध्ये तिचं खोकणं, बांगड्यांची किणकिण, लांब कुणाचं तरी मूल रडणं, सगळं त्यात आलं होतं. पावसाळा संपता संपता ती गेली. घरात चार माणसांत ते रेकॉर्डिंग लावायला नविनला संकोच वाटायचा. म्हणून त्याने गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ घेतला, त्याची रबरी टोकं कानांत खुपसली, वर हेल्मेट चढवलं, आणि रस्त्यात आई ऐकू लागला.

बोर्डीच्या बाजूने, सुरूच्या झाडांखालून हळू जाताना ती छान ऐकू यायची. हायवेला लागलं की वारा तिला गिळून टाकायचा. मग नविन आवाज वाढवायचा. मोबाईल दर वेळी पडद्यावर एक सूचना दाखवायचा, की यापुढे आवाज वाढवणं कानाला घातक ठरू शकतं. नविन थांबून वाचत नसे. निघण्याआधीच अंगठ्याने ती सूचना बाजूला सारून बटण शेवटपर्यंत दाबून ठेवायचा. वाऱ्याच्या वर आईचा आवाज आला म्हणजे झालं.

पहिली खूण अगदी लहान होती. एका संध्याकाळी घरी येऊन हेल्मेट काढलं तर कान भरल्यासारखे वाटत होते, आणि कुठेतरी रातकिडा किरकिरत होता. त्याने बायकोला, सुषमाला म्हटलं, "घरात किडा शिरलाय." दोघांनी मिळून तांदळाचं पिंप हलवलं, गोधड्या झटकल्या. सुषमा दमून म्हणाली, "कुठे आहे किडा? मला तर काही येत नाही ऐकू."

"ही काय, किरकिर चाललीय."

ती भाकरी थापायला गेली. सकाळी उठल्यावर आवाज नव्हता. पुढे मात्र तो किडा वापीच्या प्रत्येक फेरीनंतर येऊ लागला. आधी तो झोपेपर्यंत असायचा, मग सकाळच्या चहापर्यंत राहू लागला. एका वर्षाने तो जायचाच थांबला. नविनला त्याचीही सवय झाली.

त्यानंतर रेकॉर्डिंग बिघडायला लागलं.

म्हणजे नविनला तसं वाटलं. आईच्या गाण्यातले 'स' आणि 'च' पुसट होत चालले होते. बांगड्या वाजायच्या बंद झाल्या. ते मूल रडायचं, तेही नाहीसं झालं. त्याने ब्लूटूथ बदलला. वर्षभरात दुसऱ्यांदा बदलला. शेवटी तो तलासरीला जिग्नेशच्या मोबाईलच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "भाई, यातली फाईल खराब होत चाललीय. वाचव कशी पण."

जिग्नेशने स्वतःचा हेडफोन लावून दोन-तीन मिनिटं ऐकलं. "कोण गातंय हे? भारी गातात बाई."

"माझी आई. पण तुटतंय ना मधे मधे?"

"नाय नविनभाई, कुठेच नाय तुटत. एकदम क्लिअर आहे. मागे छोकरू रडतंय ते पण ऐकू येतंय."

नविनने मोबाईल परत घेतला, खिशात टाकला, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरला. त्या दिवशी घरी जाताना त्याने काही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा लावलं, आणि बटण शेवटपर्यंत दाबलं. जिग्नेशला काय कळतंय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

घरात टीव्हीचा आवाज वाढत गेला. सुषमा काही बोलली की तो "काय?" म्हणायचा, आणि तिने परत सांगितलं की वैतागायचा, "तोंडातल्या तोंडात बोलतेस." एका दुपारी ती विहिरीवरून आली तर घरात जळका वास. चुलीशेजारी गॅसवर कुकर तडतडत होता, डाळीचा कोळसा झाला होता, आणि नविन तीन हातांवर बसून कार्बोरेटर पुसत होता.

"शिट्या नाही मोजल्यास?" तिने विचारलं.

"झाल्याच नाहीत शिट्या."

सुषमाने गॅस बंद केला. शेजारची बायजी कुंपणावरून डोकावून म्हणाली, "अगं, दहा-बारा झाल्या. मला वाटलं, तू घरात आहेस." नविनने मान वर केली नाही. सुषमाने त्या संध्याकाळी त्याला विचारलं, की डॉक्टरकडे जाऊ या का. तो म्हणाला, "इंजिनाचं काम करणाऱ्याचे कान थोडे बसतातच. माझं काम अडलंय का कुठे?"

त्याचं काम तोवर अडलं नव्हतं, हे खरं. पण ते का अडलं नव्हतं, याचा विचार त्याने केला नव्हता. ठोके, धडधड, जाड आवाज त्याला अजून येत होते आणि बरेचसे बिघाड जाड आवाजाचेच असतात. बारीक आवाजाचा बिघाड मधल्या काळात कुणाच्या होडीत झाला नव्हता, किंवा झाला असेल तर तो त्याच्या नावावर आला नव्हता.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या पाण्यात जायला लागून महिना झाला असेल. नारूने त्याला बोलावलं. इंजिनात तसं काही नव्हतं, पण लांबच्या फेऱ्या सुरू व्हायच्या होत्या, तेव्हा एकदा बघून घे म्हणाला. नविन त्या दिवशी सकाळीच वापीला जाऊन आला होता. वापीहून हायवेने, मग आत वळून थेट नरपडला, दीड तास. हेल्मेट काढलं तेव्हा सगळं जग गोधडीखाली गेल्यासारखं दबलेलं होतं. त्याने कानात बोट घालून हलवलं, स्क्रूड्रायव्हर काढला आणि होडीत चढला.

नारूने इंजिन चालू केलं. नविनने तिन्ही सिलेंडर ऐकले, गिअरबॉक्स ऐकला, पाण्याच्या पंपावर टोक टेकवलं. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा तो पंप. डोळे मिटून तो पाच-सात श्वास थांबला. त्याच्या कानात नेहमीचा किडा होता, आणि त्याच्या मागे इंजिनाची धडधड. बाकी काही नाही.

नारूची बायको पुतळी खाली वाळूत बोंबील सुकत घालत होती. परातीतून मूठभर उचलून वलांडीवर, सुकवायच्या आडव्या बांबूवर, टाकता टाकता ती थांबली.

"नविन, ती शिटी कसली वाजते रे? सुंई करून?"

"कुठे?"

"तुझ्या हातासमोरच. काल पण वाजत होती."

नविनने परत टोक टेकवलं. जरा जास्त वेळ ऐकलं. "पट्ट्याचा आवाज आहे, काकू. नवीन पट्टा असला की करतो तसा." पट्टा नवीन नव्हता. त्याला ते माहीत होतं. पण काहीतरी बोलायला हवं होतं आणि तोंडातून ते निघून गेलं.

नारूने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा नविनकडे. "मग? जाऊ ना उद्या?"

"जा. खणखणीत आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास नविन पुन्हा हायवेवर होता. कानात गाणं चालू असताना फोन आला आणि गाणं थांबलं. पुतळी होती. वारा घुमत होता, शेजारून एक टँकर जात होता.

"नविन, होडी ... आली. नारू ... "

"बरं, बरं," नविन म्हणाला. "संध्याकाळी येतो."

तिकडून ती आणखी काही बोलली, ते त्याला कळलं नाही. त्याने फोन बंद केला. होडी आली, म्हणजे मासळी मिळाली असेल, असं त्याला वाटलं. आई परत गायला लागली.

पाऊण तासाने दुसरा फोन आला तेव्हा तो पंपावर पेट्रोल भरत उभा होता. गाडी बंद होती. या वेळी पुतळीचा आवाज नीट पोचला, तरी त्याने दोनदा विचारलं. होडी आली नव्हती. दहाच्या आत यायची होती. दुसऱ्या होडीवरच्या माणसाचा निरोप आला होता, की नारूची होडी इंजिन बंद पडून वाहत चाललीय, तिच्यावरून धूर दिसतोय, आणि ओहोटीने ती दक्षिणेकडच्या खडपांकडे, पाण्यातल्या खडकांकडे, ओढली जातेय.

"मगाशी सांगितला तुला," पुतळी म्हणाली. "तू बरं म्हणलास."

नरपडला पोचेपर्यंत दोन वाजून गेले. किनाऱ्यावर माणसं जमली होती. पुतळी पाण्याच्या कडेला उभी होती, तिच्या साडीचा काठ भिजला होता. नविन तिच्यापासून थोडं अंतर ठेवून उभा राहिला. वारा वाढला होता. समुद्रावर पांढऱ्या रेघा उठत होत्या. दोन होड्या शोधायला गेल्या होत्या आणि त्यांचा काहीच पत्ता नव्हता. कुणी लांब बोट दाखवून काही म्हणालं की सगळे तिकडे वळायचे. नविन सगळ्यांच्या नंतर वळायचा. लोक काय म्हणाले ते त्याला त्यांच्या मानांवरून कळत होतं.

त्या तीन तासांत त्याने मनात तो पंप पुन्हा पुन्हा उघडला. प्रत्येक वेळी आत काय दिसणार, ते त्याला माहीत होतं.

पाच वाजता एक होडी दुसरीला दोरीने ओढत आणताना दिसली. नारू बसलेला होता, आणि त्याच्या सोबतचे दोन्ही खलाशी उभे. जीव सगळ्यांचे वाचले होते. पंप जाम झाला, पट्टा तुटला, पाणी थांबलं, इंजिन तापून लाल झालं. नारूने वरचं झाकण उघडायला हात घातला आणि त्याच क्षणी गरम पाण्याची नळी फुटली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला होता. ओल्या पंच्यात गुंडाळलेला तो हात त्याने छातीशी धरला होता. खडपांपासून त्यांची होडी केवढ्या अंतरावर राहिली होती, ते सांगताना एका खलाशाने वाळूत पडलेल्या दोन होड्यांमधलं अंतर दाखवलं.

नारूला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नविन मागे राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने हत्यारं काढली आणि पंप सोडवला. बेअरिंग हातात आलं. गोळ्या झिजून चपट्या झाल्या होत्या, कडा निळ्या पडल्या होत्या, ग्रीसचा मागमूस नव्हता. असं बेअरिंग एका दिवसात होत नाही. ते आठ-दहा दिवस ओरडत असणार. कानाला स्क्रूड्रायव्हर लावायचीही गरज नव्हती. वाळूत बोंबील सुकवणाऱ्या बाईला ते वीस पावलांवरून ऐकू आलं होतं.

नविन चार दिवसांनी नारूच्या घरी गेला. हात पट्टीत होता. पुतळीने पाणी दिलं आणि आत निघून गेली. नविनने बेअरिंग कागदातून काढून ओट्यावर ठेवलं.

"नारूदादा, हे वाजत होतं. मला ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं नाय, का लक्ष नव्हतं?"

"ऐकू येत नाही. वर्षा-दोन वर्षांपासून. घरी कुकरची शिटी पण नाही येत. मला वाटलं, कामात निभावतंय."

नारूने डाव्या हाताने बेअरिंग उचललं, फिरवून पाहिलं. ते फिरेना. मग म्हणाला, "तू त्या दिवशी एवढंच म्हणाला असतास, की मला येत नाय ऐकू, तर मी पुतळीचं ऐकलं असतं."

तो उठला तेव्हा नारूने "बस" म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात सुषमाने त्याला डहाणू रोडला नेलं. स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोनदा कान तपासणाऱ्या हर्षदा मॅडम यायच्या. त्यांनी त्याला एका लहान बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. मध्ये काच होती. काचेतून त्यांचा हात यंत्रावर हलताना दिसायचा. सुरुवातीला जाड आवाज आले, नविनने बटण दाबलं. मग आवाज बारीक होत गेले. मग काचेपलीकडे हात हलत राहिला, आणि नविनच्या कानात किड्याशिवाय काही नव्हतं. हात हलला, थांबला, परत हलला. मॅडमनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा अंगठा बटणावर तसाच होता. त्याच खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर सुषमा बसली होती. हेडफोनमधून बाहेर झिरपणारी ती पिपाणी तिला ऐकू येत होती, आणि तिने हळूच पदर तोंडाशी नेला. ते नविनला दिसलं.

कागदावर एक रेघ निघाली. डावीकडे ठीक चालत आलेली, आणि मग एकाएकी विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली.

"काम काय करता, भाऊ?"

त्याने सांगितलं.

"इंजिनापाशी तासभर असता. आणि गाडीवर?"

नविनने गळ्यातला ब्लूटूथ दाखवला. मॅडमनी आवाज मोजायचा एक मापक काढला, त्याला म्हणाल्या, हायवेला जेवढ्या आवाजात ऐकता तेवढा लावा. त्याने बटण शेवटपर्यंत नेलं. आकडा शंभर डेसिबलच्या पुढे गेला.

"हा झाला तुमचा आवाज," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या आधीचं ऐका. ऐंशीच्या वेगाला हेल्मेटमध्ये नुसता वाराच नव्वदच्या पुढे असतो. काहीही न ऐकता गाडी चालवली तरी कान रोज झिजतात. तुम्ही वारा झाकायला त्याच्यावर गाणं चढवलंत. कानाला दोन्ही सोसावं लागलं. शंभरचा आवाज कान जेमतेम पंधरा मिनिटं सोसतो, आणि तुम्ही रोज दोन तास ऐकलंय. दुखलं नाही, कारण आतल्या पेशी मरताना दुखत नाहीत."

"औषध?"

"गेलेलं येत नाही. राहिलंय ते राखता येईल."

त्यांनी ड्रॉवरमधून कानात घालायच्या, फोमच्या दोन पिवळ्या गुळ्या काढल्या. दोन बोटांत वळून बारीक करायची, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढायचा, गुळी आत सारायची आणि ती फुगेपर्यंत बोट तिथेच धरायचं. नविनने गेले दोन दिवस कापसाचे बोळे घातले होते. मॅडम म्हणाल्या, त्याचा काही उपयोग नाही. त्याने विचारलं, "मग हॉर्न कसा ऐकू येणार?" त्या म्हणाल्या, "वारा कमी होतो, त्यामुळे हॉर्न उलट नीट कळतो. तुम्हाला आत्ता येतात का मागून हॉर्न?" महिन्याभरापूर्वी एक ट्रेलर त्याच्या आरशाला घासून गेला होता, आणि तो येईपर्यंत त्याला कळलं नव्हतं. हे त्याने सुषमाला सांगितलेलं नव्हतं.

"आईचं रेकॉर्डिंग आहे त्यात," सुषमाच बोलली. "ते ऐकतात."

मॅडम म्हणाल्या, "हायवेला नकोच. कानात खुपसून तर कुठेच नको. ऐकायचंच असेल तर गावातल्या रस्त्याला, हळू चालवताना, हेल्मेटच्या आत बसवायचे छोटे स्पीकर घ्या. गाडी उभी असताना आवाज लावायचा आणि चालत्या गाडीवर वाढवायचा नाही. ऐकू आलं नाही, तर त्या वेळेला ऐकायचं नाही."

नविनने काच असलेलं, कानाशी घट्ट बसणारं हेल्मेट घेतलं. गाडी साठच्या वर नेणं सोडलं. वापीला जाताना मध्ये भिलाडला दहा मिनिटं उतरून बसू लागला. किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच इंजिनाला हात लावायचा नाही, असाही त्याने नेम केला. आधी अर्धा तास नुसता बसायचा, कान मोकळे होईपर्यंत. आणि ज्याच्या होडीवर काम असेल त्याला तोंडावर सांगायचा, "जाडं मला कळतं. बारीक तुम्ही ऐका. घरातल्या बाईमाणसांना बोलवा."

काही लोकांनी यानंतर त्याला बोलावणं सोडलं. झाईच्या दोन होड्या गेल्या, डहाणूची एक गेली. नारूने पाच महिने फोन केला नाही. मग एके दिवशी केला. नविन गेला तेव्हा पुतळी आधीच होडीत चढून बसली होती. इंजिन चालू झालं. तिने पंपाकडे मान तिरकी करून ऐकलं, मग गिअरबॉक्सकडे. "इकडे नाय काय. इकडे जरा खरखर हाय." नविनने तिथे हात ठेवला, ऊब पाहिली, आणि गिअरबॉक्स उघडला. नारू भाजलेल्या हाताची दोन बोटं अजून मिटवू शकत नव्हता. पाना त्याने डाव्या हातानेच पुढे केला.

रेकॉर्डिंगमधले शब्द आता सुषमा त्याला सांगते. रविवारी दुपारी ती हेडफोन लावते, एक ओळ ऐकते, आणि जशीच्या तशी म्हणते. तिचा आवाज जाड आहे, तो नविनला येतो. काही शब्द तिलाही कळत नाहीत. सोमीच्या बरोबरीच्या बायका आता फारशा उरल्या नाहीत, तेव्हा ते शब्द विचारायचे कुणाला, हा प्रश्न राहतो.

वर्षाने तो पुन्हा हर्षदा मॅडमसमोर बसला. तीच खोली, तेच बटण. या वेळी त्याने काचेकडे न बघता डोळे मिटून घेतले. कागद बाहेर आला तेव्हा मॅडमनी जुना कागद शेजारी ठेवला. उजव्या कानाची रेघ होती तिथेच होती. डाव्या कानाची एका जागी थोडी आणखी खाली गेली होती, बोटाच्या पेराएवढीही नाही.

"गुळी डाव्या कानात नीट बसत नाही का?"

"बसते, मॅडम. रोज घालतो."

त्यांनी कान तपासला, कागद पुन्हा पाहिला. "वयाचंही असू शकतं. आत्ता नक्की सांगता येणार नाही. सहा महिन्यांनी या. वर्षभर थांबू नका."

नविनने दोन्ही कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवले आणि खाली आला. सुषमा मागे बसायला थांबली होती. त्याने गाडीशी उभं राहून पिवळी गुळी वळली, डाव्या कानात घातली, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ, मनात साठ आकडे मोजून होईपर्यंत, बोट तिथेच दाबून धरलं.